एक पॉइंट नऊ

खसबच्या पाणी-स्टेशनात रात्री पावणेदोनला
पाच नंबरचा पंप पुन्हा आपोआप थांबला.
याआधी दोनदा उघडला होता त्याला.
बेअरिंग बदललं, सील बदललं,
कुरियाकोसने मल्याळीत शिव्या घातल्या,
आणि बिचाऱ्याचा काहीएक दोष नव्हता.

पॅनेल माझ्या आधीच्या माणसानं केलेलं.
नाव ठाऊक नाही. अक्षर चांगलं.
प्रत्येक वायरला कागदी आकडा, वर पारदर्शक टेप,
आणि दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं
तीन फोन नंबर. कोडवरून एक गडहिंग्लजचा,
म्हणजे आमच्याकडचाच.

मीटरचं लाल टोक आयसीच्या पायाला टेकवलं.
एक पॉइंट नऊ.

पाच व्होल्टच्या घरात एक पॉइंट नऊ म्हणजे काय?
दीडच्या खाली असतं तर 'नाही'.
साडेतीनच्या वर असतं तर 'हो'.
मधल्या पट्ट्यात जो बोलतो
त्याचं पुढचं गेट आपल्या मर्जीनं ऐकतं,
कधी असं, कधी तसं,
खोलीत जसा उकाडा असेल तसं.

कारण अगदी साधं. त्या भल्या माणसानं
आयसीच्या पायालाच थेट जोडला होता दिवा.
लाल, पाच मिलिमीटरचा, हरभऱ्याएवढा.
आयसीची ऐपत अर्ध्या मिलिअँपिअरची,
निरोप सांगण्यापुरती.
दिव्याला हवेत दहा.
ती देते, जेवढं देववतं तेवढं,
आणि देता देता तिचा आवाज बसतो.
दिवा मिणमिणतो.
बघणाऱ्याला वाटतं, आहे चालू.
पंपाला कळत नाही.

शमसुल टॉर्च धरून उभा होता.
«बत्ती तो जल रहा है, साब.»
तेच तर, म्हटलं. तेच तर.

दोन महिने पगार अडकला होता
तेव्हा अकरा तारखेच्या फोनवर मी म्हणालो होतो,
बरं चाललंय.
शैलजा थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, पाणी बदललंय का रे तिकडं?
आणि मी अर्धा तास तिला
समुद्राचं पाणी गोडं कसं करतात ते सांगत बसलो.

बिस्किटांच्या डब्यात पाच ट्रान्झिस्टर निघाले.
तीन पायांची चीज, तोटीसारखी.
दहा किलोओमच्या आडून आयसीनं नुसतं बोट लावायचं;
धार वरून येते, सप्लायच्या टाकीतून,
तीनशे तीसचा रेझिस्टर, मग दिवा, मग तोटी, मग जमीन.
दिवा आयसीचं काही खात नाही.
सोल्डरचा धूर शमसुलच्या डोळ्यांत गेला,
टॉर्च हलला, माझं बोट भाजलं,
आम्ही दोघंही एकाच शब्दात ओरडलो.

पुन्हा लाल टोक. चार पॉइंट सहा.
दिवा असा लागला
की शमसुलनं हात आडवा धरला.
खाली कुठंतरी पाच नंबरनं घसा खाकरला
आणि ओढायला लागला.

पंप एकूण आठ. एक झाला, चार ट्रान्झिस्टर उरले.
एक, तीन, चार आणि सात करून टाकले.
बाकीचे मिणमिणत आहेत, चालत आहेत;
शमसुलचं मत, चालत्याला हात लावू नये.

पहाटे दार उघडलं. उघड्या डोंगराखाली
धक्क्यावर होड्या, दोरांवर वाळलेलं मीठ,
एक बकरी आमच्या पाइपचा घाम चाटत होती.
गडहिंग्लजचा नंबर मोबाइलवर घेतला,
लावला मात्र नाही.
तिकडं आता सात वाजत आले असतील, माणूस दूध आणायला गेला असेल,
आणि काय सांगणार त्याला?
तुमचं अक्षर चांगलं आहे?

त्याच पेन्सिलीच्या रांगेत, त्याच्या आकड्यांखाली
मी मराठीत लिहिलं:
दोन, सहा, आठ राहिलेत.
तारीख टाकली.
शैलजाला फोन अकराला असतो. आज सहा आहे.
तरी लावला.